ऑरेंज वाईनमध्ये संत्रं नसतं

जॉर्जिया देशाच्या राजधानीला, तिबिलिसीला, जायचं ठरलं ते वाईनसाठी नाही, भाचीसाठी. माझी धाकटी बहीण वर्ध्याला दिलेली. तिची मुलगी जॉर्जियात एमबीबीएस करते, तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांत घरचं कोणीच तिकडे फिरकलं नव्हतं. बहिणीच्या सासऱ्यांचं आजारपण, मेहुण्यांची नोकरी, असं करता करता ते काम मामा-मामीच्या गळ्यात आलं. 2024 च्या सप्टेंबरात सुटी मिळाली, तीही ऐन पितृपक्षात. शेजारचे काका फाटकात उभे राहून म्हणाले, "पितरांच्या पंधरवड्यात कोणी फॉरेनला जाते का बे?" मी हसून वेळ मारून नेली.

दोन बॅगांपैकी एक पूर्ण भाचीची. सावजी मसाला, भिवापुरी तिखट, सांडगे, चिवडा, तुरीची डाळ. बहिणीनं निरोपाला येऊन एकच अट घातली, "पोरीसमोर पिऊ नको." दारूबंदीच्या जिल्ह्यातली बाई, तिचं काही चूक नव्हतं.

पण ती अट विमानतळावरून गावात जाताना टॅक्सीतच निकालात निघाली. पोरगीच म्हणाली, "मामा, मी काही पीत नाही. पण इथं येऊन वाईन न पिता गेलास तर लोक मला विचारतील, तुझ्या मामाला बरं नाही का म्हणून." खिडकीतून डोंगरावरचा एक भलामोठा पुतळा दाखवला. कार्टलिस देदा, म्हणजे जॉर्जियाची आई, 1958 साली उभारलेली. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात वाईनचा वाडगा. शत्रू आला तर हे, पाहुणा आला तर ते. दारूचा वाडगा धरलेली आई! वर्ध्याच्या चौकात तसा पुतळा उभारायची कल्पना करून बघा.

माझं वाईनचं ज्ञान किती, तेही सांगून टाकतो. आमच्या नागपुरात वाईन शॉप म्हणजे जिथं वाईन सोडून बाकी सगळं विकलं जातं ते दुकान. वरच्या फळीवर नाशिकच्या चार बाटल्या उभ्या असतात, धूळ खात, मे महिन्यातही. आयुष्यात वाईन प्यायलो असेन चार-पाचदा, कोणाच्या तरी पार्टीत, प्लॅस्टिकच्या ग्लासात, आणि दर वेळी वाटलं की खोकल्याचं औषध थंड करून पिण्यात काय मजा आहे. बाहेरच्या वाईनवर आपल्याकडे तेव्हा दीडशे टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क, त्यामुळे तिच्या वाटेला कधी गेलो नाही. म्हणून ठरवलं की तिकडे जे लोक रोज पितात तेच प्यायचं, आणि दिवसाला 25 लारीच्या वर जायचं नाही. एक लारी तेव्हा साधारण 31 रुपयांना पडत होती. हिशेबाची वही बायकोकडे.

पहिल्याच दिवशी ती वही फाटायची वेळ आली. भाची कॉलेजात होती. आम्ही दोघं जुन्या शहरात गंधकाच्या पाण्याच्या हमामांपाशी फिरत होतो. एका दुकानाबाहेर इंग्रजीत पाटी, ऑरेंज वाईन. आता सांगा, नागपूरचा माणूस अशा पाटीपुढून सरळ पुढे कसा जाईल? छाती फुगली. आत जाऊन काउंटरवरच्या पोराला सांगितलं, आम्ही ऑरेंज सिटीतून आलो. त्याला काय समजलं देव जाणे, त्यानं आदरानं मान डोलावली आणि औषधाच्या टोपणाएवढी वाईन चार ग्लासांत ओतली. रंग सुरेख, मुरलेल्या चहासारखा. घोट घेतला तर संत्र्याचा 'स'सुद्धा नाही. तुरट, कोरडी, जीभ खरखरीत करणारी. मी म्हटलं असेल, संत्र्याची साल जास्त पडली असेल. बाटली 70 लारीची होती. नको म्हटल्यावर पोराचा चेहरा बदलला. बाटली घेतली तर चव फुकट, नाही तर ग्लासाचे पैसे. हे आधी बोलला नव्हता. 20 लारी देऊन बाहेर पडलो. बायकोनं वहीत लिहिलं, "संत्रं – 20."

संध्याकाळी भाची पोट धरून हसली. मग तिनं समजावलं ते असं. द्राक्षाचा रस बहुतेक वेळा बिनरंगी असतो, काळ्या द्राक्षाचासुद्धा. रंग असतो सालीत. लाल वाईन करताना रस सालीसकट आंबवतात, पांढरी करताना साल आधीच बाजूला काढतात. इथले लोक मात्र पांढऱ्या द्राक्षाचा रसही सालीवर, बियांवर, कधी काड्यांसकट महिनोन् महिने ठेवतात. त्यानं तो सोनेरी, तांबूस, अंबरासारखा, म्हणजे राळेच्या पिवळसर खड्यासारखा होतो. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी त्याला ऑरेंज नाव दिलं. इथं अंबर म्हणतात. संत्र्याचा काही संबंध नाही. मला खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. जगात आपल्या नावानं काही चाललंय असं वाटत असताना ते दुसऱ्याचंच निघावं, असं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आमचं शिक्षण हाती घेतलं. पहिला धडा, दोन शब्द: सखलिस घ्विनो. घरची वाईन. खानावळीत बसलं की यादीतल्या बाटल्यांकडे बघायचंच नाही, हे दोन शब्द म्हणायचे आणि जग मागवायचा. तिच्या कॉलेजजवळच्या तळघरातल्या खानावळीत अर्ध्या लिटरचा मातीचा जग 9 लारीला आला. म्हणजे पावणेतीनशे-तीनशे रुपये, दोघांना पुरून उरला. शेजारच्या टेबलावर सिमेंटनं माखलेले चार मजूर तेच पीत होते. जग, पाव, चीज, हिरव्या कांद्याची जुडी. आवाज नाही, लपवालपवी नाही, कोणी खिडकीला पेपर लावला नव्हता.

दुसरा धडा, नुसती पिऊ नको, खा. ही गोष्ट मला तिथल्या मालकीणबाईंनी हातवाऱ्यांनी सांगितली. बायको शाकाहारी, पण जॉर्जियात तिचं काही अडलं नाही. लोबिओ म्हणजे चक्क राजमा, मातीच्या गाडग्यात रटरटलेला, वर कोथिंबीर. वांग्याच्या कापात अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळलेलं असतं, त्यात मेथीच्या जवळची एक निळ्या फुलाची भाजी वाळवून घालतात. आणि झेंडू! वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड मसाल्यात. आम्ही दसऱ्याला गाडीच्या हँडलला बांधतो ते फूल हे लोक जेवतात. तर त्या अक्रोडाच्या वांग्याचा घास आणि वर अंबर वाईनचा घोट घेतला, तेव्हा काल जी जिभेला किसणीसारखी लागली होती तीच नीट बसली. तेलकट वाटणाला तुरटपणा हवाच होता. आपण तर्रीवर लिंबू पिळतो ना, तसा.

वाईनचे जाणकार ज्या शब्दांत चव सांगतात ते मला जमत नाहीत. ब्लॅकबेरी मी उभ्या जन्मात खाल्लेली नाही, तर वाईनमध्ये ती कुठून ओळखणार? मी माझी यादी केली. अंबर म्हणजे विसरून उकळत राहिलेला बिनदुधाचा चहा, त्यात सुकवलेलं जर्दाळू, मागून अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा. सापेरावी नावाची लाल वाईन म्हणजे जांभूळ, आणि तेही झाडाखाली पडलेलं नाही, थोडं कच्चट, मीठ लावलेलं. सापेरावी शब्दाचा अर्थच रंग देणारी. या द्राक्षाचा गरसुद्धा लाल असतो, जे दुर्मीळ आहे. दोन ग्लास झाल्यावर मी खोलीतल्या आरशात जीभ काढून बघितली. ओठांच्या कडा, दातांच्या फटी, सगळं जांभळं. मामाच्या गावी जूनमध्ये असंच तोंड घेऊन घरी जायचो आणि मार खायचो.

बायकोला आवडली किंद्झमराउली. तीही सापेरावीचीच, पण अर्धवट गोड. साखर वरून घालत नाहीत, आंबवणं मधेच थांबवतात. मी नाक मुरडलं, पण ती म्हणाली, "तुम्ही तुरट प्या, मला गोड दिसलं की गोड घेते." सुपरमार्केटात 22 लारी. वहीत या नोंदीपुढे काहीही शेरा नाही.

मग माचारीचं प्रकरण झालं. स्टेशनजवळ मोठा बाजार आहे. भाजी, चीज, सुतात ओवलेल्या अक्रोडांवर द्राक्षाच्या दाट रसाचे लेप दिलेल्या, मेणबत्तीसारख्या लोंबणाऱ्या चुर्चखेला, आणि पाण्याच्या जुन्या प्लॅस्टिक बाटल्यांतून घरची वाईन. एक म्हातारी गढूळ, गुलाबीसर काहीतरी विकत होती. लिटरला 5 लारी. चाखायला दिलं, गोड, फसफसणारं, नीरेच्या जवळचं. मी खूश. बाई बाटलीच्या झाकणाकडे बोट दाखवून दोनदा काहीतरी बोलली, मला वाटलं घट्ट लावा म्हणते आहे. मी घट्ट लावलं. दुपारी खोलीत आलो, बाटली पलंगाशेजारी ठेवली, झोपलो. चारच्या सुमाराला मी झाकण पिळलं आणि कारंजं. छत, पडदा, घरमालकिणीची पांढरीशुभ्र चादर, माझा बनियन. माचारी म्हणजे आंबणं अजून चालू असलेली कच्ची वाईन. आत गॅस तयार होतच असतो. बाई झाकण सैल ठेवा म्हणत होती. चादरीचे 40 लारी भरले. सगळ्या सहलीतली महागडी वाईन तीच, आणि पोटात गेली दोन घोट.

पाचव्या दिवशी शनिवार. भाचीला सुटी. समगोरी मेट्रोपासून मार्श्रुत्का, म्हणजे आपली काळी-पिवळी समजा, पकडून सिघनाघीला गेलो. काखेती हा जॉर्जियाच्या पूर्वेकडचा वाईनचा प्रांत, तिबिलिसीहून साधारण दोन तास. गाव डोंगराच्या काठावर, भोवती दगडी तट, खाली अलाझानीचं खोरं आणि पलीकडे कॉकेशसची रांग. ते सगळं सुंदरच होतं. मला सांगायचंय ते तळघराबद्दल.

आम्ही उतरलो ते एका कुटुंबाचं घर होतं, दोन खोल्या पाहुण्यांना देतात. द्राक्षं तोडण्याचे दिवस होते, त्याला र्तवेली म्हणतात. आजोबा सत्तरीकडे झुकलेले, सून थोडं इंग्रजी बोलणारी, बाकी भाचीच्या मोडक्या जॉर्जियनवर चाललं. अंगणातून खाली उतरून ते मरानीत घेऊन गेले. मरानी म्हणजे वाईनचं कोठार. मला वाटलं पिंपं दिसतील. आत बघतो तर मोकळी जमीन, मातीची, आणि तिच्यात पाच गोल तोंडं. प्रत्येक तोंडाखाली अख्खा रांजण पुरलेला. हीच क्वेवरी.

मी उकिडवा बसून एका रिकाम्या क्वेवरीत वाकलो. आतून थंडगार हवा आली, मेणाचा वास, आणि माझाच आवाज घुमून परत. सून म्हणाली, हिच्यात 800 लिटर मावतात. आकार अंड्यासारखा, खाली निमुळता. त्या निमुळतेपणात अक्कल आहे. बिया सगळ्यात आधी तळाला बसतात, त्यांच्यावर गाळ साचतो, त्यामुळे बियांचा कडूपणा वाईनला फारसा लागत नाही. द्राक्षं लाकडाचं खोड कोरून केलेल्या, डोंग्यासारख्या लांब हौदात पायांनी तुडवायची, रस आणि चोथा आत सोडायचा, आंबत असताना वर येणारा सालींचा थर दिवसातून अनेकदा काठीनं खाली दाबायचा. खदखद थांबली की दगडाचं झाकण, कडेनं चिखल, आणि पाच-सहा महिने हात लावायचा नाही. जमिनीत असल्यामुळे उन्हाळा-हिवाळा तिला फारसा कळत नाही. या पद्धतीला 2013 मध्ये युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर वाईनचे अंश मिळाले, ते साधारण आठ हजार वर्षांपूर्वीचे, 2017 मध्ये तो शोधनिबंध आला. आजोबांना या दोन्हींचं फारसं काही नव्हतं. त्यांना मला क्वेवरी धुवायचा ब्रश दाखवायचा होता, चेरीच्या झाडाच्या सालीचा.

मी विचारलं, मेण कशाला? आमच्याकडे माठाला असं काही लावत नाहीत. भाचीनं कसंबसं भाषांतर केलं. आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मी त्यांना सांगितलं की आमचा माठ झिरपतो, ते पाणी बाहेर वाळतं आणि आतलं गार होतं. न झिरपणारा माठ आम्ही परत करतो. ते हसायला लागले. यांचं बरोबर उलटं. झिरपली की वाईन गेली, हवा शिरली की आंबट झाली, म्हणून भाजून गरम असतानाच आतून मधमाश्यांचं मेण फिरवतात. मातीच्या एकाच भांड्याबद्दल दोन माणसं अर्धा तास बोलली आणि दोघांचंही बरोबर होतं.

मग माझ्या बायकोनं साडी खोचली आणि हौदात उतरली. पाय धुऊन, सुनेचा हात धरून. भोवती गांधीलमाश्या घोंघावत होत्या, मी लांब उभा राहिलो. नवरात्रात पायाला महावर लावल्यासारखे तिचे पाय दोन दिवस राहिले.

रात्री जेवायला बसलो. तिथं कोणी आपापलं पीत नाही. एकजण तामादा असतो, तो बोलतो, मग सगळे पितात. आजोबाच तामादा. पहिला पेला देवाला, दुसरा शांततेला. शांततेला म्हणताना ते थांबले. मुलगा सैन्यात होता, सुनेनं नंतर सांगितलं. मग पाहुण्यांना. आणि दर वेळी सगळ्यांनी म्हणायचं, गाउमार्जोस. क्वेवरीतली वाईन पितळेच्या झारीतून येत होती, लेबल नाही, वर्ष नाही, भाव नाही. भाव विचारणं म्हणजे कोणाच्या घरी जेवून लोणच्याची किंमत विचारण्यासारखं. मला तेव्हा उमगलं की आपल्याकडे तिखट-लोणच्याचं जे आहे ते यांच्याकडे वाईनचं आहे. प्रत्येक घराचं वेगळं, प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं, आणि यंदाचं बिघडलं तर सून ते पाहुण्यांपुढे आणत नाही.

चौथ्या पेल्याला आजोबा उभे राहिले. सगळे उभे राहिले, आम्हीही. भाची हळूच म्हणाली, "मामा, हा जे गेले त्यांच्यासाठी." त्यांनी पिण्याआधी पावाच्या तुकड्यावर थोडी वाईन शिंपडली आणि काही नावं घेतली. सुनेनं तसंच केलं.

दोन दिवसांनी माझ्या बाबांची तिथी होती. नागपुरात धाकटा भाऊ करणार होता. मी नसल्याबद्दल त्यानं थोडं ऐकवलंही होतं. बाबांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. कोणी प्यायलेला माणूस दारात आला तर ते आत निघून जायचे. मी पाव हातात घेतला. बायको कानाशी म्हणाली, "बाबांना चालेल का हो?"

"द्राक्षाचा रस म्हण," मी म्हटलं, आणि शिंपडली.

पाचव्या पेल्यानंतर त्यांनी चाचा आणली. म्हणजे उरलेल्या चोथ्याची भट्टीची दारू. नाव ऐकून घरातलंच कोणी वाटतं, पण मोहाच्या पहिल्या धारेची आठवण झाली. एक घोट घेऊन मी हात जोडले.

सकाळी आजोबांनी एका जुन्या बाटलीत अंबर वाईन भरून, बूच हातानं ठोकून दिली. पैसे घेतले नाहीत. भाचीनं चिवड्याचं पाकीट दिलं. दोन्हीकडचे खूश.

परतताना भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. आमच्याकडे आजोबांची एक, सापेरावीची एक 18 लारीची, बायकोची गोड एक. तिन्ही बाटल्या माझ्या बनियनांत गुंडाळून चेक-इन बॅगेत. विमानतळावर बॅग पट्ट्यावरून येईपर्यंत मी बाबांचं नाव घेत होतो.

सापेरावीचं वाईट झालं. ती मी कोणी खास पाहुणा येईल म्हणून कपाटात ठेवली आणि विसरलो. मे आला. आमच्या घराला कूलर आहे, कपाटाला नाही. एका दुपारी कपाट उघडलं तर बूच वर सरकलेलं, फळीवर जांभळा डाग आणि उकळलेल्या मनुक्यांचा वास. चाखून बघितली, जांभळाचा रस चुलीवर विसरल्यासारखी. बेसिनमध्ये ओतली.

अंबर मात्र दिवाळीतच काढली होती. पाडव्याच्या संध्याकाळी शेजारचे काका फराळाला आले. पितृपक्षातला राग गेला होता. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, ऑरेंज वाईन, जमिनीत पुरलेल्या रांजणातली. काकांनी ग्लास उजेडात धरला, रंग बघून मान डोलावली, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"यात संत्रं कुठे आहे बे?"

मी साल, रस, आंबवणं सगळं सांगायला लागलो. काका ऐकून राहिले होते, पण त्यांचं लक्ष टेबलावरच्या टोपलीकडे. आंबिया बहाराची संत्री होती, नुकतीच आलेली. एक उचललं, सोललं, दोन फोडी ग्लासात पिळल्या, बोटानं ढवळलं.

"आता पाय," म्हणाले.

मी पाहिलं. चांगली लागत होती.